दोन्ही बाजू सारख्या

स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या वरच्या पट्टीला धनुष्य आडवं टांगलेलं होतं. त्याच्या दोरीच्या मधोमध वजनाचा एक हुकाचा काटा अडकवला होता, काट्याला दोर बांधला होता, दोर उंबरठ्याजवळ ठोकलेल्या कप्पीतून फिरून हॉलमध्ये आला होता, आणि त्या दोराचं टोक दोन्ही हातांत धरून वजनमापे निरीक्षक एकेक पाऊल मागे सरकत होते. नजर धनुष्यावर, जीभ दातांत. दाराच्या पलीकडे, स्वयंपाकघरात, त्यांची आई चहाचा कप घेऊन उभी होती.

"मी बाहेर येऊ का रे?" आईने विचारलं.

"थांब गं. आत्ता ताणलंय."

"चहा गार होतोय."

"चहा पुन्हा गरम करता येतो. लाकूड एकदा बिघडलं की बिघडलं."

इतक्यात बायको खालून जिना चढून वर आली. हातात पिठाने माखलेला ॲप्रन. दारात उभी राहून तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग धनुष्याकडे.

"अहो, काय चाललंय हे?"

"वळण लावतोय. नीट बघ. डावी बाजू उजवीपेक्षा कमी वाकतेय. दिसतंय तुला?"

"मला आई दिसतायत. आत अडकलेल्या."

"वळण लावतोय म्हणे," आई आतून म्हणाली. "मला याला लावता आलं नाही, आता हा लाकडाला लावणार."

या सगळ्याची सुरुवात बायकोच्या खांद्यापासून झाली होती. घराखालीच तिची छोटीशी बेकरी होती. वर्षानुवर्षं कणकेचे गोळे मळून तिचा उजवा खांदा असा आखडला की केस विंचरायलाही हात वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक रबरी पट्टा दिला आणि तो रोज मागे ओढायला सांगितलं. पट्टा आठवडाभर खिडकीला लोंबला. मग एकदा कोपऱ्यावरच्या मैदानात तिने बायामाणसांना धनुष्य ओढताना पाहिलं. ओढायचंच आहे तर हे काय वाईट, म्हणून ती आत शिरली. पहिला बाण गवतात गेला. दुसरा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. पण त्या दिवशी ती घरी आली ती गुणगुणत.

ते गुणगुणणं निरीक्षकांच्या कानावर पडलं आणि हातातला पेपर त्यांनी खाली ठेवला. खांदा आखडल्यापासून घरात ते ऐकूच आलं नव्हतं.

महिनाअखेरीला मैदानावर एक घरगुती सामना होता. तिला त्यात उतरायचं होतं. अडचण एकच होती. मैदानावरची धनुष्यं एक तर लहान मुलांची होती, नाहीतर अशी दांडगी की ओढताना तिचा खांदा पुन्हा रुसायचा. तिथले कोच सकाळी तिरंदाजी शिकवत आणि दुपारी विमा विकत. ते म्हणाले, "ताई, पूर्ण ओढल्यावर दहा किलो भरेल असं धनुष्य तुमच्या हाताला बरोबर बसेल. तसं मिळालं तर उतरा सामन्यात."

"मिळायचं कुठून?" घरी येऊन ती म्हणाली.

"मी करतो की," निरीक्षक म्हणाले.

"तुम्ही?"

"लाकडाची एक पट्टी, दोन टोकं, एक दोरी. अवघड काय त्यात? दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत, एवढंच ना? माझा जन्म दोन्ही बाजू सारख्या करण्यात गेलाय."

ते खरंच होतं. बाजारातला कुठलाही तराजू त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरच्याच्या ताटातली वाटी आपल्या वाटीएवढी भरलीय का, हे त्यांना आपोआप दिसायचं. भिंतीवरची तसबीर जराशी कलली असेल तर ते तिथे बसून जेवू शकत नसत, मग ते घर कुणाचंही असो.

कोचनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मुठीच्या दोन बाजूंना धनुष्याची दोन पाती. जे पातं कमी वाकतं, त्याच्या पोटाकडून थोडंसं लाकूड कानशीने काढायचं. मग पुन्हा ताणून बघायचं. पुन्हा काढायचं. "घाई करायची नाही," कोच म्हणाले. "आणि पहिलं धनुष्य मोडतंच. माणसाने तयारी ठेवावी. तुमचा विमा आहे ना?"

तर आईला बाहेर यायला वाट देऊन निरीक्षकांनी डाव्या पात्याचा थोडा कीस काढला. मग आईला आत जायचं होतं, कारण चहा गार झाला होता. ती आत गेल्यावर त्यांनी पुन्हा ताणून पाहिलं. आता उजवं पातं कमी वाकत होतं.

"आं?" ते म्हणाले आणि उजवं घासलं. आता डावं.

दिवेलागणीपर्यंत हेच चाललं. शेवटी कंटाळून त्यांनी ठरवलं की जरा जोरात ताणलं म्हणजे लाकूड आपोआप शहाणं होईल. ते सोफ्याच्याही मागे गेले, भिंतीला टेकले आणि शेवटचा हिसका दिला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. अर्धं धनुष्य दारात लोंबत राहिलं. उरलेलं अर्धं स्वयंपाकघरात उडालं आणि थेट भाजीच्या पातेल्यात जाऊन उभं राहिलं.

खालून बेकरीतली सगळी गिऱ्हाईकं वर धावली. कुणाला वाटलं गॅस फुटला, कुणाला वाटलं ओव्हन. दारात गर्दी जमली. आई शांतपणे पातेल्याशी उभी होती.

"काही नाही झालेलं," ती सगळ्यांना म्हणाली. "माझा मुलगा वळण लावत होता."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक समोरच्या गल्लीतल्या सुताराकडे गेले. सुतार दारं-खिडक्या करायचा आणि अखंड बोलायचा.

"सरळ रेघांचं लाकूड पाहिजे. गाठ नको," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, देतो की. पण एक सांगू? मी आयुष्यभर लाकूड वाकू नये म्हणून झटलोय. वाकलं तर लोक परत आणून आपटतात. तुम्ही पहिले, जे वाकवायला नेताय."

"तुम्हाला धनुष्याची काही माहिती?"

"नाही. पण मोडलेलं दार असेल तर आणा."

त्याने छान पट्टी काढून दिली. दार अडवायचं नाही असं घरात ठरल्यामुळे निरीक्षकांनी घासकाम मागच्या गॅलरीत हलवलं. तिथे वारा छान यायचा. पहाटे उठून ते कानस चालवायचे, फुंकर मारायचे, एक डोळा मिटून रेघ बघायचे आणि पुन्हा कानस. सगळं कसं सुखाने चाललं होतं. मग एका सकाळी निवृत्त मुख्याध्यापिका बेकरीत आल्या आणि त्यांनी काउंटरवर एक पाव ठेवला.

"यात काय घातलंय?"

"मैदा, बाई. नेहमीसारखा."

"माझ्या दाताला लागलं ते काय नेहमीसारखं होतं? हे बघ." त्यांनी रुमालाची घडी उघडली. आत लाकडाचा एक नाजूक, कुरळा कीस होता.

बायकोने वर पाहिलं. गॅलरीच्या फळ्यांच्या फटीतून, सकाळच्या उन्हात चमकत, लाकडाचा भुसा अलगद खाली येत होता. थेट कणकेच्या परातीत.

ती वर आली तेव्हा निरीक्षक एक डोळा मिटून उभे होते.

"दुसराही मिटा," ती म्हणाली, "आणि ऐका. माझ्या पावात तुमचं धनुष्य निघालं."

"किती?"

"काय किती?"

"म्हणजे, कोणत्या पात्याचं होतं? डाव्याचं असेल तर त्या बाजूने जास्त जातंय."

त्या दिवशीची सगळी कणीक फेकावी लागली. बेकरी दुपारपर्यंत बंद राहिली आणि निरीक्षकांना गॅलरी कायमची बंद झाली. ते मुकाट्याने परत स्वयंपाकघराच्या दारात आले. आईने सामंजस्य दाखवलं. तिने आपली खुर्ची, चष्मा आणि विणकाम आतच नेऊन ठेवलं आणि ती तिकडेच राहू लागली.

आता मात्र निरीक्षकांनी काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. दारामागच्या भिंतीवर त्यांनी खडूने चौकोन आखले, म्हणजे दोन्ही टोकं किती खाली येतात ते नेमकं दिसावं. काटा पूर्ण ओढीला अठरा किलो दाखवत होता. म्हणजे दहावर आणायचं होतं. त्यांनी घाई केली नाही. थोडं डावं, थोडं उजवं. बाजू सारख्या झाल्या की काटा पंधरा दाखवी. पंधराला थोडं घासलं की बाजू पुन्हा बिघडत. बाजू सारख्या केल्या की काटा तेरावर. पोटचं पोर बाळसं धरतं का हे आई जशी बघते, तसे ते धनुष्य झिजतंय का ते बघत होते.

ऑफिसातही त्यांचं लक्ष उडालं. एका किराणा दुकानदाराच्या तराजूची तपासणी करताना त्यांनी दांडी पारड्यांतून सोडवली, डोळ्यासमोर धरली आणि गुडघ्यावर टेकवून हळूच वाकवायला लागले. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, ती लोखंडाची आहे हो!"

"हां. हां. चांगली आहे," निरीक्षक भानावर येऊन म्हणाले. "थोडं वळण कमी आहे, पण चांगली आहे."

सामन्याच्या आदल्या दुपारी अखेर तो क्षण आला. दोर ओढला. दोन्ही टोकं एकाच चौकोनाच्या एकाच रेघेवर येऊन थांबली. आणि काट्याची सुई दहावर. ना केसभर इकडे, ना केसभर तिकडे. निरीक्षकांनी काही वेळ तसाच दोर धरून ठेवला. त्यांच्या मनात आलं की एवढी सारखी वस्तू या घरात पूर्वी कधी आलीच नव्हती.

"ये गं लवकर! आई, तू पण ये!"

आई आतच होती. बायको हात पुसत वर आली. त्यांनी धनुष्य दोन्ही हातांवर घेऊन, नव्या सुनेची ओटी भरावी तसं, तिच्यासमोर धरलं. गुळगुळीत, तेल लावलेलं, मधाच्या रंगाचं. तिने ते घेतलं. तिला खरंच भरून आलं. मग ते उचलून तिने दोरी ओढली.

दोरी आली. आली आणि येतच राहिली. पार कानामागे गेली.

"अहो," ती जपून म्हणाली, "हे खिडकीच्या पडद्याची दोरी ओढावी तसं येतंय."

"शक्यच नाही. दहा किलो आहे ते. कोचनी सांगितलं तेवढंच. तुझा खांदा बरा झालाय, त्याचं ते लक्षण आहे."

"मी रोज दहा किलो पिठाची गोणी उचलते. मला दहा किलो कळतात."

"काटा दहा दाखवतोय!"

आईने विणकामातून मान वर केली. "कुठला काटा?"

"हा काय. अडगळीतला. हुकाचा."

"तो?" आईला हसू आवरेना. "अरे, तो तर भलतंच दाखवतो. माझा रद्दीचा काटा आहे तो."

निरीक्षकांनी काट्याकडे पाहिलं.

"म्हणजे?" निरीक्षकांनी हळू आवाजात विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? सहा किलो रद्दीला दहा किलो दाखवतो. तुझ्या बाबांच्या वेळचा आहे. म्हणून तर जपून ठेवलाय."

"आई! मी वजनमापे निरीक्षक आहे!"

"बाहेर. घरात तू माझा मुलगा आहेस."

"त्या रद्दीवाल्याला तू इतकी वर्षं फसवत आलीस?"

"फसवतेय कसली! त्याचा काटा कमी दाखवतो, माझा जास्त. आम्ही दोघं मधलं धरतो. त्याची काही तक्रार नाही, माझी नाही. तूच मध्ये आलास."

निरीक्षक धावत खाली गेले, न फोडलेली पिठाची गोणी खांद्यावर घालून वर आले आणि ती काट्याला अडकवली. गोणीवर दहा छापलेलं होतं. सुई झोकात सतराजवळ जाऊन उभी राहिली. ते मटकन सोफ्यावर बसले. साऱ्या बाजारपेठेतले काटे तपासणाऱ्या माणसाने हातातला काटा तेवढा तपासला नव्हता. दहाच्या नादात त्यांनी ते धनुष्य सहावर आणून ठेवलं होतं.

बायको शेजारी येऊन बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"जाऊ द्या हो. पुढच्या सामन्यात उतरेन."

"नाही," ते उठले. "कोचना फोन लाव."

कोचनी सगळं ऐकून घेतलं. "काढलेलं लाकूड काही परत चिकटवता येत नाही," ते म्हणाले. "पण धनुष्य आखूड केलं की ताठ होतं. दोन्ही टोकं थोडी थोडी कापा, दोरीसाठी नवीन खाचा पाडा. आणि साहेब, थोडीच कापा हां. याचा विमा उतरवता येत नाही."

निरीक्षकांनी करवत घेतली. डावीकडून बोटभर, उजवीकडून बोटभर. आईच्या काट्याच्या जागी आता बायकोचा बेकरीतला, गोण्या तोलायचा खरा काटा आला होता. पुन्हा ताणलं. पुन्हा बोटभर. ओढ वाढत चालली, तसा त्यांना हुरूप आला. पण डावं टोक उजव्यापेक्षा करवतीच्या पात्याएवढं लांब राहिलं होतं. ते कापलं. आता उजवं लांब दिसायला लागलं.

बायको बघत होती. मैदानावर जायला आपल्याला धनुष्य मिळणार की लाटणं, असा प्रश्न तिला पडला. तिने त्यांच्या हातातून करवत काढून घेतली.

"आता पुरे."

"अगं, एवढंच एक टोक. हे बघ, किंचित—"

"हे शेवटचं. मी कापते. तुम्ही कापलं तर आणखी एक शेवटचं निघेल."

तिने कापलं. तिचा खांदा वर व्हायला अजून कुरकुर करायचा, त्यामुळे करवत जराशी तिरकी गेली, आणि खाचही तिरकी पडली. निरीक्षकांनी ते पाहिलं. त्यांचा हात आपोआप कानशीकडे गेला. बायकोने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. हात परत आला.

ताणून पाहिलं तेव्हा खऱ्या काट्यावर नऊच्या आसपास भरलं. तिने दोरी ओढली, धरली, सोडली. दोरीचा छान टणत्कार झाला. "हां," ती म्हणाली. "आता कुणीतरी समोरून ओढतंय असं वाटतं."

सामन्याला मैदानावर बरीच गर्दी होती. गवताच्या मोठ्या गठ्ठ्यांवर कागदी लक्ष्यं लावलेली, आणि जागा कमी असल्यामुळे एकमेकांना अगदी खेटून. बायकोच्या डावीकडे औषधाच्या दुकानातला एक तरुण होता आणि उजवीकडे अग्निशमन दलातला एक धिप्पाड, मिशाळ जवान. निरीक्षक बाकावर बसले होते. कोचनी धनुष्य हातात घेऊन ताणून बघितलं.

"वा. छान वाकतंय. फक्त दोन्ही पाती अगदी सारखी आलीत."

"धन्यवाद," निरीक्षक म्हणाले.

"नाही, सारखी नको असतात. खालचं पातं वरच्यापेक्षा जरासं ताठ ठेवतात. तुम्हाला सांगितलं नव्हतं का मी? हां, तेव्हा आपण विम्याचं बोलत होतो."

निरीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आकाशाकडे. मोडलेलं धनुष्य, फेकलेली कणीक, आत जाऊन राहिलेली आई, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.  

शिट्टी झाली. बायकोने बाण लावला, खांदा मागे घेतला, नीट नेम धरला आणि सोडला. बाण सणसणत गेला आणि लक्ष्याच्या बरोबर मधोमध घुसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या, कारण ते लक्ष्य औषधवाल्या तरुणाचं होतं.

"ताई, बाण सुरेख," कोच म्हणाले. "पण घर चुकलं. शून्य."

निरीक्षक बाकावरून उठले. "शून्य कसं? मधोमध आहे की!"

"साहेब, दुसऱ्याच्या लक्ष्यात आहे."

"मध्य तो मध्य! तुम्ही वाटलं तर फूटपट्टी लावून मोजा. एवढं काटेकोर कशाला—" इथे आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि ते अडखळले.

"अहो, खाली बसा," बायको म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

दुसरा बाणही डावीकडे गेला. तेवढाच. तिसराही. औषधवाला तरुण प्रत्येक वेळी अदबीने तिचा बाण काढून आणून देत होता. बायकोने धनुष्य उलटसुलट करून पाहिलं. तिरकी खाच. दोरी मधोमध न बसता एका बाजूला बसत होती. खाच कुणी कापली, हे तिला आठवत होतं. तिने निरीक्षकांकडे एक कटाक्ष टाकला, ते बिचारे दुसरीकडेच बघत असल्याचं दाखवायचा प्रयत्न करत होते. मग ती शांतपणे उजवीकडे वळली आणि तिने अग्निशमन जवानाच्या लक्ष्यावर नेम धरला.

"ओ! ओ बाई!" जवान ओरडला. "ते माझं आहे!"

"माहितेय."

"सर, या माझ्या लक्ष्यावर नेम धरतायत!"

कोच विचारात पडले. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. "नेम कुठे धरायचा याचा नियम नाहीये," ते शेवटी म्हणाले. "बाण कुठे लागतो एवढंच मी बघतो."

बाण सुटला. जवान बाजूला सरकला. बाण हवेतून वळल्यासारखा डावीकडे गेला आणि तिच्या स्वतःच्या लक्ष्यात, कडेच्या वर्तुळात का होईना, ठक्कन रुतला.

त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. प्रत्येक वेळी ती शांतपणे जवानाच्या लक्ष्याकडे वळे, प्रत्येक वेळी जवान दचके, आणि प्रत्येक वेळी बाण तिच्या घरी येई. पुढे पुढे बाण मध्याच्या जवळ लागू लागले. जवानाचे मात्र गवतात जाऊ लागले. आग विझवायला छपरावर चढणारा माणूस, पण बाजूला कुणी आपल्याच लक्ष्याकडे नेम धरून उभं असलं की त्याचा हात स्थिर राहीना.

शेवटी निकाल लागला. पहिला औषधवाला तरुण आला. शेवटचा जवान आला. बायको या दोघांच्या मध्ये कुठेतरी होती आणि तिचा चेहरा बघितला असता तर कुणालाही वाटलं असतं की हीच पहिली आलीय.

"खांदा दुखतोय का?" निरीक्षकांनी विचारलं.

"खांदा?" तिने हात वर करून पाहिला, पार डोक्याच्या वर. "विसरलेच की."

घरी परतताना ती पुन्हा गुणगुणत होती. निरीक्षक तिच्या मागून बाणांचा भाता घेऊन चालत होते. थोडं अंतर गेल्यावर त्यांना राहवेना.

"अगं, ती खाच. एकदा नुसती कानस फिरवली ना, तर सरळ जाईल बघ बाण."

तिने धनुष्य ओढणीत गुंडाळून काखेत धरलं. "हात लावायचा नाही. आत्ता कुठे याचं नि माझं जमलंय."

संध्याकाळी बेकरी उघडली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून अग्निशमन जवान दारात उभा होता. बायको काउंटरमागे जराशी चपापली. पण त्याला पाव नको होता आणि भांडणही नको होतं. मिशीवरून हात फिरवत तो निरीक्षकांपाशी आला.

"साहेब, ते धनुष्य तुम्ही घडवलंत म्हणे."

"हो. म्हणजे, त्यात थोडा दोष राहिलाय, पण—"

"दोष नका काढू. मला अगदी तसंच एक करून द्या. तिरकं. पुढच्या सामन्यात मला त्या औषधवाल्याची भंबेरी उडवायचीय."

 वाकडं माप करणाऱ्यांना पकडण्यात निरीक्षकांची सगळी नोकरी गेली होती, आणि वाकडं करून मागायला प्रथमच कुणी आलं होतं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"तिरकं म्हणजे नेमकं किती तिरकं?" ते म्हणाले. "माप सांगा."